चौकड्यांचा बडग्या

नत्थूजी शिंपी स्वतः कधी हसत नसत. समोरचा माणूस पोट धरून खाली बसला तरी ते आपले सुईत दोरा ओवण्यात गुंतलेले. त्यांच्या चष्म्याची एक काडी मोडलेली होती. तिथे काळा दोरा बांधून तो कानाला अडकवलेला असे. त्या चष्म्यावरून ते एकदा बघत, हातातला दोरा दातांनी तोडत आणि म्हणत, "पुढं?"

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत मी लग्न होऊन आले ती १९६६ साली. वर्ध्याला मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले होते, शिवणकामाला हात चांगला होता. दुपारी घरचं आवरलं की नत्थूजींच्या दुकानातले कपडे घरी आणून त्यांची काजं-बटणं करायची. ते मला सूनबाई म्हणत, मी त्यांना काका. त्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील. गल्लीतली नवी मुलं त्यांचे विनोद एकमेकांना सांगतात, पण त्या एका वर्षाचं कुणी सांगत नाही. ते मी सांगते.

नागपूरबाहेरच्या माणसाला बडग्या समजावून द्यावा लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबती निघतात, एक काळी आणि एक पिवळी. बाईच्या रूपाच्या या मोठ्या मूर्तींना लोक देवीसारखा नमस्कार करतात, नवस बोलतात, आणि शेवटी नेऊन जाळतात. वर्षभराची रोगराई, ईडापीडा तिच्यासोबत जावी म्हणून. त्यांच्या मागे गल्लोगल्लीचे बडगे चालतात. बडग्या म्हणजे बांबूचा सांगाडा, आत भाताचं तणस, अंगावर जुने कपडे, असा पुरुषभर उंचीचा पुतळा. त्याच्या गळ्यात पाटी. त्या वर्षी लोकांना जे काही जाचलं ते त्या पाटीवर लिहायचं, लोकांनी हसायचं, आणि मग बडग्याही जाळायचा.

आमच्या गल्लीचा बडग्या नत्थूजींचा. चौथी शिकलेला माणूस, पण पाटी अशी लिही की दुसऱ्या गल्लीची माणसं मुद्दाम आमच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहत. एका वर्षी नळाला पाणी म्हणून येईना. नत्थूजींनी बडग्याला पुठ्ठ्याचा मुकुट घातला, हातात पितळी तोटी दिली आणि पाटीवर लिहिलं, 'दमयंती, मी चाललो. बादली सांभाळ.' बायका ओट्यावर बसून हसल्या. नळराजा दमयंतीला रानात टाकून जातो ती गोष्ट आणि रोजची रिकामी बादली, दोन्ही त्यांच्या घरातलीच. आमच्या शेजारी रेल्वेत नोकरीला असलेले मद्रासकडचे एक साहेब राहत. ते तेवढे गंभीर चेहऱ्याने बघत राहिले. त्यांना नळराजा आमच्याहून चांगला ठाऊक होता, पण आपण तोटीला नळ म्हणतो हे ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर "अस्सं, अस्सं" म्हणाले. हसले नाहीत.

मी नत्थूजींना विचारलं, तर म्हणाले, "सूनबाई, अर्धी गंमत मी पाटीवर लिवतो. अर्धी लोकाइच्या डोक्यात पयलेच असते. मी फकत दोन टोकं टाचून देतो. शिलाई लोकच मारतेत."

त्यांचा एक नेम होता. महागाईचा बडग्या करायचा, मच्छरांचा करायचा, कचेरीतल्या लाचेचा करायचा, पण गल्लीतल्या जित्या माणसाचा करायचा नाही. "जो जळते तो बडग्या," ते म्हणत. "नाव-गाव असलेला माणूस जाळायचा नसते." माझी सासूही हेच म्हणे. गमतीतसुद्धा जित्या माणसाच्या रूपाला अग्नी देऊ नये.

१९७३ सालची गोष्ट. आदल्या वर्षी पाऊस गेलेला, धान्य मिळत नव्हतं, आणि रेशनवर परदेशातली लाल ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना तुटत नसे. आमच्या गल्लीचं रेशनचं दुकान बाबारावांचं. ज्वारी लाल आली त्यात त्यांचा काय दोष? पण लोकांना सरकार दिसत नव्हतं, बाबाराव दिसत होते. त्यातून त्यांचा तो कोट. तपकिरी आणि मोहरी रंगाच्या मोठ्या चौकड्या. त्यांच्या साळ्याने कलकत्त्याहून कापड आणलं होतं, तसं दुसरं अख्ख्या महालात नव्हतं. कोट शिवला नत्थूजींनी आणि त्याची तीन काजं केली मी. बाबाराव तो कोट उन्हाळ्यातही घालत. लांबून चौकड्या दिसल्या की रांगेतल्या बायका म्हणत, "आला वं, थैल्या काढा."

कोट नेताना बाबारावांनी विचारलं होतं, "कापड जास्त होतं गा नत्थू. उरलं असन नं?"

"कुठचं उरते भाऊ? चौकड्या जुळवता जुळवता सगळं गेलं," नत्थूजी म्हणाले होते. मी तिथेच होते. शिंपी असंच म्हणतो आणि गिऱ्हाईक असंच ऐकून घेतं.

त्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी बाबारावांना कावीळ झाली. डोळे, नखं हळदीसारखी. दवाखान्यात ठेवलं. त्यांची बायको शामलावयनी सकाळी पायी जायची, दुपारी येऊन ताक-भाताचा डबा करायची, परत जायची. लेकरू-बाळ नव्हतं. पोळ्याच्या दिवशी मला नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "लतिका, डॉक्टर काही बोलतच नाई वं. उद्याचा दिवस निघू द्या म्हणते फकत."

त्याच संध्याकाळी नत्थूजी बडग्या बांधायला बसले तर कपडेच नाहीत. वर्षभर जमवलेली जुनी धोतरं, बंड्या त्यांच्या बायकोने, तुळसाबाईने, कपड्यांवर भांडी देणारीला देऊन स्टीलचा डबा घेतला होता. नत्थूजींनी चार शब्द सुनावले, तिने सहा परत केले. मग त्यांनी कोपऱ्यातलं कातरणाचं पोतं ओतलं. त्यात चौकड्यांचे दोन मोठे तुकडे होते. समोरचा भाग झाकेल आणि बाह्या होतील एवढे. त्यांनी ते बडग्याला टाचले. पुढे त्यांनी मला शपथेवर सांगितलं, "कापल्यावर कापड कोनाचं राहत नाई, सूनबाई. पोत्यात गेलं की ते कातरण. मले त्यात बाबाराव दिसलाच नाई." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. तीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवलेल्या माणसाला कापडाची वीण दिसते, रुंदी दिसते. अंगावर घालणारा विसरायला होतो.

पण मी विसरले नव्हते. सकाळी काजं केलेले सदरे द्यायला गेले तेव्हा बडग्या दाराशी टेकून ठेवला होता. गळ्यात लाल भाकरी बांधलेली, काळ्या पत्र्याच्या पाटीवर खडूने लिहिलेलं, 'भाकर खाल्ली. आता दात कार्डावर भेटतीन काय?' आणि अंगात त्या चौकड्या. मला वाटलं, काकांनी या वेळी नेम मोडून बाबारावांनाच धरलं. मी तोंडाला पदर लावून हसले आणि घरी आले. दवाखान्यातला माणूस मला त्या क्षणी आठवलाच नाही. हे लिहायला जड जातंय, पण खरं तेच आहे.

नऊच्या सुमारास गल्लीच्या पोरांनी बडग्या उचलला. त्यांचा म्होरक्या रुपराव, गिरणीत काम करणारा, आडदांड. ढोल वाजायला लागला, "घेऊन जाय गे मारबत!" असा पुकारा झाला, आणि बडग्या गल्लीतून निघाला तसं जे हसू फुटलं तसं मी आजवर ऐकलं नव्हतं. माणसं भिंतीला टेकून हसत होती. नत्थूजी दुकानाच्या ओट्यावर उभे होते. चेहऱ्यावर जरा नवल.

"दाताची गंमत एवढी लागली काय, सूनबाई?" त्यांनी मला विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "रेशनवाल्याले कावीळ झाली ना! पिवळ्या मारबतीच्या मागंच चालवा त्याले, जोडी जमते!"

पुन्हा हशा. नत्थूजींची मान बडग्याकडे वळली. तो पाठमोरा कोपऱ्यावरून वळत होता, बाह्यांवरच्या चौकड्या उन्हात चमकत होत्या. त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या टेपकडे गेला. "अरे देवा," एवढंच म्हणाले.

समोरच्या माडीची खिडकी उघडी होती. त्यात शामलावयनी उभी होती. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मग खिडकी रिकामी झाली आणि जिन्यावर पावलं वाजली. त्या दिवशी डबा सकाळीच करायला घेतला होता, भाताचे हात तसेच. ती सरळ ओट्यापाशी आली.

"नत्थूजी, माह्या मानसाले जाळून राहिले तुमी?"

"वयनी, माह्या मनात..."

"तो तिकडं डोळे उघडून नाई राहिला, आन् तुमी त्याच्या आंगावरचं कापड जाळाले पाठवलं? कोनतं वैर होतं जी तुमचं? ज्वारी काय त्यानं पेरली होती?"

तुळसाबाई आतून आली. "शामला, आमच्या ह्याइच्यानं चूक झाली वं, मुद्दाम नाई—"

"मग आना तो मांघारी!"

 बडग्या माघारी आणत नाहीत. एकदा घराबाहेर काढलेली पीडा पुन्हा गल्लीत आणायची म्हणजे ती सगळ्यांच्या दारात टाकणं. हे शामलावयनीलाही माहीत होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि कळलं, तिला रागापेक्षा भीती जास्त वाटत होती.

नत्थूजी वहाणा न घालता ओट्यावरून उतरले आणि पळाले. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर काळी टोपी, गळ्यात टेप उडतोय. त्यांच्या मागे शामलावयनी निघाली. तिला एकटीला कशी सोडू? मी पदर खोचला आणि मागे गेले. बायका त्या गर्दीत आत जात नसत तेव्हा, ओट्यावरून बघत. पण ते सुचलंच नाही. तोंडात रामाचं नाव, आणि मनात एकच हिशेब की दोन्ही मारबती जिथे भेटतात त्या चौकाच्या आधी बडग्या गाठला पाहिजे. चौकात सगळे बडगे एकाच लोंढ्यात मिसळतात आणि थेट जाळायच्या जागीच जातात. तिथून काही काढता येत नाही.

चौकाच्या अलीकडे नत्थूजींनी रुपरावला धरलं.

"उतरव त्याले. कोट काढतो."

"काका, येडे झाले काय? उघडा बडग्या नेऊ? इतवारी बाजारापासून लोक नाव घेऊन राहिले आपल्या गल्लीचं!"

"तो बाबारावचा कोट आहे, रुपराव."

"मग? आमाले तं वाटलं तुमीच जमवला! लोकाइले ओळखू आला म्हून तं हसून राहिले." रुपरावने आवाज खाली केला. "आन् आता कोट काढून काय होते, काका? लोक म्हनतीन रेशनवाल्याचा कोटबी उतरवला. आनखी हसतीन."

 रुपराव बोलला ते खरं होतं आणि ते नत्थूजींइतकं कुणालाच समजत नव्हतं. दोन टोकं लोकांच्या डोक्यात जुळली होती. आता कापड काढलं तरी शिलाई तशीच राहणार. मागून ढोल जवळ आला. पिवळ्या मारबतीचा पुकारा ऐकू येत होता. शामलावयनी माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की पुढे दोन दिवस वळ होता.

मग नत्थूजी म्हणाले, "खाली टेकव. तुले माह्याच गळ्याची आन आहे."

रुपरावने बडग्या रस्त्यावर टेकवला. कात्री दुकानातच राहिली होती. नत्थूजी गुडघ्यावर बसले आणि टाके दातांनी तोडायला लागले. एक बाही, दुसरी बाही, समोरचा तुकडा. लोक थांबले. कुणी शिट्टी मारली. रुपराव म्हणाला तसंच झालं, "उतरवा, उतरवा रेशनवाल्याचा!" असं दोघे-तिघे ओरडले. शामलावयनीने डोळे मिटले.

चौकड्यांचे तुकडे त्यांनी मागे न बघता माझ्या हातात दिले. मग डोक्यावरची काळी टोपी काढून बडग्याच्या डोक्यावर बसवली. गळ्यातला टेप त्याच्या गळ्यात टाकला. आणि शेवटी चष्मा काढला, दोरा बांधलेला, आणि तो बडग्याच्या तणसाच्या तोंडावर बांधला. ओरडणारे पुढे सरकून बघायला लागले. आमच्या गल्लीच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. नत्थूजींनी तळव्याने पाटीवरची ओळ पुसली, खिशातला खुणेचा खडू काढला, आणि दिसत नसल्यामुळे नाक पाटीला लावून मोठ्या वाकड्या अक्षरांत तीन शब्द लिहिले.

'कापड उरलं नाही.'

 मग पहिल्यांदा एक म्हातारी हसली, शेजारच्या ओट्यावरची. मग तिच्या बाजूची. मग अख्खा रस्ता. शिंप्याकडून हे वाक्य ऐकलं नाही असं एकही माणूस त्या गर्दीत नव्हतं. "माहा लग्नाचा कोटबी यानंच खाल्ला!" "आमच्या पडद्याचं पोल्कं कोन घालते गा, नत्थू?" टोपी, टेप, चष्मा. आमच्या गल्लीला तर नाव सांगावंच लागलं नाही. रुपरावने बडग्या वर उचलला तेव्हा बाबारावांचं नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती. पिवळी मारबत आली, लोंढा पुढे सरकला, आणि तो टोपीवाला, चष्मेवाला बडग्या डोलत डोलत चौकाकडे गेला.

नत्थूजी रस्त्याच्या कडेला भिंत चाचपत उभे होते. जित्या माणसाचा बडग्या जाळायचा नाही हा त्यांचाच नेम, आणि आपलंच रूप त्यांनी जाळायला पाठवलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव होतं की काय, मी विचारलं नाही.

शामलावयनी त्यांच्यासमोर गेली. "आन् तुमचं काय जी, नत्थूजी? तुमचं काही बरंवाईट झालं मंग?"

"ते मंग पाहू, वयनी. आता मले दिसूनच नाई राहिलं. घरी कोन नेते?"

परपुरुषाचा हात धरून रस्त्याने चालायचे दिवस नव्हते ते. शामलावयनीने माझ्या हातातली चौकड्यांची एक बाही घेतली. ज्या कापडाला ती शिवणार नाही असं मला वाटलं होतं, त्याच कापडाचं एक टोक तिने नत्थूजींच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि पुढे चालायला लागली. मी मागे. मारबतीच्या गर्दीच्या उलट्या दिशेने आम्ही तिघं तसे घरी आलो. मग ती हात धुऊन डबा घेऊन दवाखान्यात गेली.

पुढचे दिवस काढणं कठीण गेलं. मी टेकडीच्या गणपतीला नारळ बोलले होते, दोघांसाठी. तुळसाबाईने नवऱ्याची रोज मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. नत्थूजींना चष्म्याशिवाय सुई ओवता येईना. सकाळी मी दहा-बारा सुया ओवून त्यांच्या मशीनशेजारच्या चिमुकल्या उशीला टोचून ठेवायची. पण सुया उरू लागल्या. गल्ली हसली होती, पण हसल्यावर विचारही करते. जो शिंपी उरलेलं कापड आपण ठेवून घेतो असं भर रस्त्यात कबूल करतो, त्याला दिवाळीचं कापड कोण देणार? येणारे येत ते आपलं जुनं कातरण मागायला. नत्थूजी पोतं पुढे करत. "ओळखा आन् न्या."

आणि समोरची खिडकी बंदच होती. शामलावयनी काही सांगत नव्हती, आम्ही विचारत नव्हतो. ती सकाळी गल्लीतून जाताना नत्थूजी मशीन थांबवून तिच्या पावलांचा कानोसा घेत. पावलं नेहमीसारखी पडली की पुन्हा पाय हलवायचे.

नवरात्र बसायच्या दोन दिवस आधी दुपारी मी दुकानात सदऱ्यांची बटणं मोजत होते. दाराशी सायकलरिक्षा थांबली. मी वर पाहिलं आणि उठून उभी राहिले. चौकड्या. कोट अंगावर नुसता टांगल्यासारखा, आत माणूस निम्मा. शामलावयनीने मागून आधार दिला होता.

"सूनबाई, कोन आहे?" नत्थूजींनी विचारलं. त्यांना नुसता रंग दिसला असावा, कारण त्यांचा हात मशीनच्या चाकावर तसाच राहिला.

बाबाराव बाकावर बसले, श्वास सावरला. दवाखान्यात त्यांना सगळं कळलं होतं. कुणी सांगितलं ते मला ठाऊक नाही, शामलावयनीनेच सांगितलं असेल. गल्लीतली दोन-चार माणसं ओट्यापाशी येऊन थांबली. आतल्या दारात तुळसाबाई आली.

"नत्थू," बाबाराव म्हणाले, "कोट ढिला झाला गा. आत घे."

नत्थूजी उठले. टेप नवा घेतला होता, तो उघडला.  कोटाच्या पाठीवर बोटं फिरवत ते म्हणाले, "किती घेऊ, भाऊ?"

"मानूस उरला तेवढा कोट ठेव." बाबारावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "बाकी कापड मले दे."

तेव्हा नत्थूजी हसले. खांदे हलवून, तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सात वर्षं मी त्यांच्या दुकानात जात होते आणि मला तोवर माहीत नव्हतं की दोरा तोडून तोडून त्यांच्या पुढच्या दाताला एवढी खोल खाच पडली होती.